रिट्रीव्हरचा पाट: प्लेस बोर्डवर कुत्रा कसा तयार करायचा

पंगतीत पाट मांडलेले असले की कुणी कुठे बसायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. प्लेस बोर्ड कुत्र्यासाठी हेच काम करतो. चारी पाय मावतील एवढी, जमिनीपासून थोडी उंच लाकडी फळी. इंग्रजी नाव भारदस्त असलं तरी वस्तू पाटाचीच, म्हणून इथे तिला पाटच म्हणू.

ब्रिटन-अमेरिकेत याचा उपयोग बंदुकीच्या कुत्र्यांसाठी, म्हणजे पक्ष्यांच्या शिकारीत साथ देणाऱ्या कुत्र्यांसाठी, होतो. ब्रिटनमधल्या हाकाऱ्याच्या शिकारीत रिट्रीव्हर आपल्या माणसाशेजारी गप्प बसून राहतो. समोर फेझंट पक्षी कोसळत असले तरी जागचा हलत नाही. कोणता पक्षी कुठे पडला हे ध्यानात ठेवतो, पाठवलं की जातो आणि दाताचा व्रणही न उमटवता पक्षी हातात आणून देतो. इंग्लंडमध्ये फेझंटचा हंगाम 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी, त्यामुळे उरलेलं वर्ष डमीवरच्या, म्हणजे पक्ष्याऐवजी वापरायच्या कॅनव्हासच्या गठ्ठ्यावरच्या, सरावाचं. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 असल्याने शिकारीचा प्रश्नच नाही. पण डमी फेकणं, थांबवणं, डावीकडे-उजवीकडे वळवणं, हातात आणून घेणं हे सगळं पुण्या-नाशिकच्या मैदानातही तसंच्या तसं करता येतं. सोफ्यावर लोळून वजन वाढवणाऱ्या लॅब्रॅडॉरला त्याची गरज जास्तच आहे.

पाटाची कड

मोकळ्या मैदानात कुत्र्याला 'सिट' म्हणून तुम्ही पाठ फिरवलीत, की तो आधी पुढच्या पायांची बोटं सरकवतो. मग बूड उचलून तेवढंच पुढे आणतो. पुन्हा बोटं. दोन मिनिटांत तो हातभर पुढे आलेला असतो, आणि आपण हललो असं त्याला मुळीच वाटत नाही, कारण तो बसलेलाच आहे! तुम्हाला ते उशिरा दिसतं, तुम्ही ओरडता, आणि कशासाठी ओरडलात हे त्याला कळत नाही.

पाटावर हा घोळ होत नाही. पंजा कडेवरून घसरला की तो त्याच क्षणी त्याला जाणवतो आणि तुम्हालाही दिसतो. बरोबर काय आणि चूक काय यातली रेघ लाकडाची असते, तुमच्या आवाजाची नाही. पुढे जे काही करायचं आहे, म्हणजे शिट्टीवर थांबणं, दिशा घेणं, हातात देणं, ते सगळं या रेघेवर उभं आहे.

पाट बनवताना

प्रौढ लॅब्रॅडॉर नर खांद्याशी 56-57 सेंटिमीटर उंच असतो. त्याला बसायला 60 बाय 60 सेंटिमीटरचा पाट पुरतो. आडवं व्हायलाही शिकवायचं असेल किंवा पिल्लू अजून वेडंवाकडं धावत असेल, तर 60 बाय 90 घ्या. कॉकरसारख्या लहान स्पॅनियलला 45 बाय 60 भरपूर झाला. पाट फार मोठा केलात तर कुत्रा त्यावर फेऱ्या मारतो, वाकडा बसतो आणि कडेचा उपयोगच राहत नाही.

आठ बाय चार फुटांच्या एका प्लायमधून दोन फुटी चौकोनी आठ पाट निघतात. दोन बाय तीनचे पाच निघतात आणि वर दोन बाय एकचा तुकडा उरतो. सुरुवातीला चार पाट पुरे. प्लाय 12 मिलिमीटरचा आणि वॉटरप्रूफ घ्या. 18 मिलिमीटरचा मजबूत असतो, पण चार पाट मैदानापर्यंत वाहून नेताना खांदे सांगतात. खाली दोन इंची लाकडी पट्ट्यांची चौकट आणि मधोमध एक आडवी पट्टी. चौकट अगदी कडेशी भिडलेली हवी. सुतार बहुधा ती दोन-तीन इंच आत घेतो, कारण टेबल तसंच करायची सवय. मग कुत्रा धावत येऊन कडेवर चढला की पाट कलंडतो. एकदा पाट पायाखाली उलटला की बिचकणारा कुत्रा आठवडाभर जवळ फिरकत नाही. स्क्रूची डोकी लाकडात बुडवा, कोपरे पॉलिश पेपरने गोल करा, चारी कोपऱ्यांखाली रबराचे तुकडे लावा. एका बाजूला दोन भोकं पाडून नायलॉनच्या दोरीची मूठ केली की उचलायला बरं पडतं.

वर काहीतरी खरखरीत हवंच. गुळगुळीत प्लायवर दव पडलं की पाय घसरतो. रबरी मॅट उत्तम. काथ्याचं पायपुसणं चालतं, पण पावसाळ्यात कुजतं. कृत्रिम गवत दिसायला छान असलं तरी उन्हात भयंकर तापतं. कुत्र्याला चढवण्याआधी हाताचा पालथा पंजा पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसलं नाही तर त्यालाही सोसणार नाही. रंगाचंही लक्षात ठेवा: कुत्र्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, म्हणून हिरव्या गवतातला लाल पाट वीस मीटरवरून त्यांना सापडत नाही. कडेला पांढरा रंग मारा. पुढे पाट कमी करायची वेळ आली की ती पांढरी रेघ आधी पुसायची.

चढणं, बसणं, उतरणं

आठ-दहा आठवड्यांचं पिल्लूही शिकू शकतं, पण त्याला दोन-तीन सेंटिमीटर उंचीची साधी फळीच द्या. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची हाडं वर्ष-दीड वर्ष वाढत असतात, तोवर उंच उड्या नकोत.

पट्टा लावून कुत्र्याला सरळ पाटावरून चालवत न्या. पाय लागला की खाऊ पाटावर ठेवा. हातात देऊ नका, फेकू तर नकाच. खाऊ जिथे मिळतो तिथे कुत्र्याचं मन जातं. हातात दिलात तर तो तुमच्याकडे झुकेल आणि पुढचे पंजे खाली उतरतील. चारी पाय वर आले की पाटावर ठेवलेले चार-पाच दाणे एकामागून एक. रोजच्या जेवणातले मूठभर दाणे बाजूला काढले तर वेगळा खाऊ लागत नाही, वजनही वाढत नाही.

उतरायचा शब्द पहिल्या दिवसापासून ठरलेला असू दे. 'ओके', 'चल', काहीही. तो शब्द येईपर्यंत वर राहायचं आणि उतरल्यावर काहीच मिळायचं नाही. उतरल्यावर कौतुकाचा वर्षाव केलात तर कुत्रा उतरायचीच वाट बघत बसतो. शब्दांचं म्हणाल तर आपल्याकडे घरात मराठी आणि कुत्र्याशी इंग्रजी अशी रीत आहे. कुत्र्याला दोन्ही सारखीच. मात्र आजी 'बस', मुलगा 'सिट' आणि वडील 'खाली बैस' म्हणत असतील तर आधी घरात एकमत करा.

सत्र पाच मिनिटांचं, दिवसातून दोन-तीनदा. 'पाट' म्हणण्याआधीच कुत्रा धावत जाऊन चढायला लागला की बसवायला सुरुवात करा. मग वेळ, अंतर आणि लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी, यातली एका वेळी एकच वाढवा. दहा पावलं लांब जाणार असाल तर चेंडू उडवू नका. चेंडू उडवायचा असेल तर शेजारी उभे राहा. कुत्रा उतरला तर रागावायचं नाही. शांतपणे जाऊन त्याला त्याच पाटावर, त्याच तोंडाने परत बसवा. तीनदा ओळीने उतरला तर चूक तुमची आहे, पाठ सोपा करा.

पुढची पायरी पाठवण्याची. पाटापासून एक मीटरवर उभे राहा, हाताने पाट दाखवा, जाऊ द्या. मग दोन मीटर, पाच, दहा, वीस. अंतर वाढवताना पाट तिथेच ठेवा आणि तुम्ही मागे सरका, म्हणजे पाटाची जागा त्याच्या डोक्यात पक्की राहते.

थांबायची शिट्टी

रिट्रीव्हरच्या कामात शिट्ट्या दोनच महत्त्वाच्या: एक लांब फुंक म्हणजे थांब, बस, माझ्याकडे बघ, तीन-चार तुटक फुंका म्हणजे परत ये. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅक्मे कंपनीच्या प्लॅस्टिकच्या शिट्ट्या सर्रास दिसतात. साधारणपणे स्पॅनियलवाले 210.5 आणि लॅब्रॅडॉरवाले 211.5 वापरतात. आकडा सुराचा आहे. एकच आकडा धरून ठेवलात तर शिट्टी हरवल्यावर तोच सूर पुन्हा विकत मिळतो.

आधी पाटावर बसलेल्या कुत्र्यासमोर लांब शिट्टी वाजवा आणि लगेच दाणे द्या. दोन दिवस एवढंच. मग कुत्र्याला पाटावर चढवायचं आणि बूड टेकण्याच्या क्षणी शिट्टी. त्यानंतरचा टप्पा खरा. कुत्रा तुमच्यापासून वीस मीटरवर, मध्ये पाट, तुम्ही अलीकडे. त्याला बोलवा. तो धावत येईल, वाटेत पाटावर पाय पडेल, त्या क्षणी एक लांब शिट्टी आणि हात उंच. बहुतेक कुत्रे बसतात, कारण पाटावर बसायची सवय आधीच लागलेली आहे. चालत त्याच्यापर्यंत जा आणि तिथेच पाटावर बक्षीस द्या. बोलावून घेऊन दिलंत तर थांबण्याला अर्थच उरत नाही.

शिट्टी उशिरा वाजली तर कुत्रा पाट ओलांडून पुढे जातो, लवकर वाजली तर पाटाच्या आधीच अडखळतो. वेळ साधायला कुत्र्याविना सराव करा. कुणालातरी पाटावरून धावायला सांगा आणि तुम्ही फुंका. हसू येईल, पण चार-पाच फेऱ्यांत हात बसतो.

एक धोका इथे हमखास दिसतो. दर वेळी थांबवलंत तर कुत्रा शिट्टीची वाट बघत संथ होतो, आणि पुढे डमीकडे जाताना न बोलावता मध्येच थांबून मागे वळून बघतो. हँडलर, म्हणजे कुत्र्याला काम सांगणारी माणसं, याला 'पॉपिंग' म्हणतात. म्हणून पाच खेपांपैकी एखाद्याच खेपेला शिट्टी वाजवा, बाकी चार वेळा सुसाट येऊ द्या.

डावं, उजवं, मागे

कुत्र्याने न पाहिलेला पक्षी शोधायला पाठवायचा तर हाताने दिशा द्यावी लागते. चार पाटांचा खरा उपयोग इथे होतो. मधला पाट कुत्र्याचा. त्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला आठ-दहा मीटरवर एकेक, आणि पाठीमागे दहा मीटरवर एक. तुम्ही कुत्र्यासमोर चार-पाच मीटरवर.

पहिल्या दिवशी फक्त तुमच्या उजवीकडचा पाट. कुत्रा बसलेला, तुमच्याकडे बघतोय. उजवा हात खांद्याच्या रेषेत पूर्ण आडवा, त्याच बाजूला एक पाऊल आणि शब्द 'ओव्हर'. तो उजव्या पाटावर गेला की शिट्टी, बसला, शाबास. पाच-सहा वेळा झाले की बंद. दुसऱ्या दिवशी फक्त डावा. तिसऱ्या दिवशी मिसळ. हँडलरचा गोंधळ इथेच होतो: कुत्रा तुमच्यासमोर तोंड करून बसलाय, तेव्हा तुमची उजवी ती त्याची डावी. तुम्ही फक्त तुमच्या हाताचा विचार करा, त्याचं तो बघून घेतो. हात अर्धवट, कोपरात वाकवून दाखवू नका. चाळीस मीटरवरून वाकडा हात आणि सरळ हात वेगळे दिसतात.

'बॅक' सगळ्यात अवघड, कारण कुत्र्याला तुमच्याकडे पाठ करून जायचं असतं. आधी त्याच्या डोळ्यांदेखत डमी मागच्या पाटावर ठेवा. त्याला मधल्या पाटावर आणून बसवा. तुम्ही फक्त दोन मीटरवर उभे राहा, हात सरळ वर, एक पाऊल पुढे आणि 'बॅक'. डमी कुठे आहे ते त्याला माहीत असल्याने तो वळतो. उजवा हात वर केला तर तो तुमच्या उजव्या बाजूने वळला पाहिजे, डावा केला तर डाव्या. ही सवय पहिल्यापासून लावलीत तर पुढे तिरक्या दिशा देणं फार सोपं जातं. नव्वद अंशाच्या दिशा डोळे झाकून होईपर्यंत तिरकं काही करू नका.

मग पाटांच्या जागी डमी येते. आधी पाटावर डमी, मग पाटाशेजारी, मग पाटच नाही. एकाच वेळी तिन्हीकडे डमी ठेवून सुरुवात केली तर कुत्रा तुम्हाला न बघता मनाला येईल तिकडे धावतो, आणि चुकीच्या दिशेलाही डमीच मिळते. म्हणजे चुकीचंच बक्षीस.

हातात देणं

डमी घेऊन कुत्रा परत येतो, तुमच्याभोवती गोल फिरतो, हातभर अंतरावर टाकतो आणि अंग झाडतो. पाण्यातून आला असेल तर हमखास. शिकारीत जखमी पक्षी असा खाली टाकला की तो पळतो. म्हणून डमी हातातच हवी.

पाट इथे मागे सरकायची आणि गोल फिरायची वाट बंद करतो. आधी फेकाफेक नको. कुत्रा पाटावर बसलेला, तुम्ही त्याच्यासमोर. अर्ध्या पौंडाची, म्हणजे साधारण 225 ग्रॅमची कॅनव्हासची डमी त्याच्या तोंडाशी आडवी धरा. त्याने मधोमध पकडली की एका हाताचा तळवा हनुवटीखाली हलकेच ठेवा. दोन सेकंद. मग 'डेड' किंवा 'दे' म्हणत दोन्ही हातांनी घ्या. ओढू नका. ओढलंत की तो घट्ट चावतो, आणि चावायची सवय म्हणजे 'हार्ड माउथ', रिट्रीव्हरमधला मोठा दोष. सोडत नसेल तर डमी किंचित त्याच्याच तोंडात ढकला, जबडा आपोआप सैल पडतो. दोन सेकंद, मग पाच, मग दहा. मग तुम्ही एक पाऊल मागे, तो डमी तोंडात घेऊन बसलेलाच.

आता दुसरा पाट तुमच्या पायांशी आणि कुत्रा डमीसकट पहिल्या पाटावरून दुसऱ्यावर. पहिल्यांदा हमखास काय होतं? पंजा पाटावर पडला की तोंड उघडतं. कारण उघड आहे: इतके दिवस पाटावर दाणे मिळाले आहेत आणि तोंडात डमी असताना दाणे खाता येत नाहीत. म्हणून हा पाठ सुरू करताना खाऊ पूर्ण बंद करा, कमरेची पिशवीसुद्धा घरी ठेवा. बक्षीस म्हणून छातीवरून हात फिरवा आणि पुढची डमी टाका. डमी पडलीच तर वाकून उचलू नका. त्याला उचलायला लावा. नाही उचलली तर दोन पायऱ्या मागे जा.

हे पक्कं झालं की एक पौंडाची, म्हणजे सुमारे 450 ग्रॅमची नेहमीची डमी घ्या, दहा मीटरवर टाका, कुत्र्याला पाठवा आणि पाट तुमच्या पायांना चिकटून ठेवा. तो धावत येतो, पाटावर चढतो, बसतो, तोंड वर करतो. हात खाली नेऊन हिसकावण्याऐवजी तुम्ही ताठ उभे राहा. तुम्ही वाकलात की तो मागे हटतो.

उन्हाळ्यात एक पथ्य पाळा. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि डमी तोंडात असली की नीट धापता येत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत चार-पाच खेपा, बस्स. पावसाळा संपल्यावर माळरानात कुसळं असतात. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कान तपासा.

गप्प बसून बघणं

डमी पडली की पळायचंच, असा समज झालेला रिट्रीव्हर कुणालाच नको असतो. त्याला पाटावर बसवून आजूबाजूला डमी टाका आणि चारातल्या तीन तुम्ही स्वतः चालत जाऊन उचला. चौथी त्याची, तीही दहा सेकंद थांबून. सुरुवातीला पट्टा पायाखाली दाबून ठेवा. दोन कुत्रे असतील तर एक पाटावर आणि दुसरा कामावर. बसलेल्याचा धीर यात जितका वाढतो तितका दुसऱ्या कशानेच नाही. कुरकुर किंवा कण्हणं सुरू झालं तर अंतर वाढवा. आवाज करणाऱ्या कुत्र्याला कधीही पाठवू नका, नाहीतर आवाज केला की जायला मिळतं हे तो एका दिवसात शिकेल.

पाट काढायची वेळ

अनेकजण इथे थांबतात. कुत्रा पाटावर राजासारखा बसतो, गवतात मात्र सगळं विसरतो. पाट पातळ करत न्यावा लागतो: सात सेंटिमीटरचा, मग नुसता प्लाय, मग रबरी मॅट, मग हातरुमालाएवढं कापड, मग काही नाही. प्रत्येक टप्प्यावर जागाही बदला: उंच गवत, उतार, झाडाखाली, पाण्याच्या काठी. शिट्टीवर थांबणं पाटाशिवाय करायचं तेव्हा आधी कुत्रा चालत असताना, मग दुडक्या चालीत, मग धावताना.

उलटा दोषही दिसतो. काही कुत्रे, विशेषतः खादाड लॅब्रॅडॉर, पाटाला असे चिकटतात की सोडवत नाही. नाव घेऊन पाठवलं तरी आधी खाली बघतात. तिथे पाटावरचे दाणे बंद करून सगळं बक्षीस डमीत ठेवा.

शेवटी एकच तपासणी करा. चाळीस मीटरवर कुत्र्याच्या डोळ्यांदेखत डमी टाका आणि सरळ रेषेच्या दोन मीटर बाजूला, निम्म्या वाटेवर एक रिकामा पाट ठेवा. पाठवा. कुत्रा पाटाकडे ढुंकूनही न बघता गेला तर पाट गाडीच्या डिकीत टाका. वाट वाकडी करून त्यावर जाऊन बसला, तर मॅटच्या टप्प्यावर आणखी दोन आठवडे काढा.